मांजरेच्या दरडीतला पाणघोडा

रविवार, 16 नोव्हेंबर 2025

सप्टेंबरातल्या पुराने मांजरा नदीचा हा आपल्या लातूरकडचा काठ उभा कापून नेला. दिवाळीनंतर ऊन लागलं, दरड वाळली आणि आता तिचे थर लांबूनही वेगवेगळे ओळखू येतात. आज दुपारभर तिथेच होतो. हात अजून पिवळे आहेत, पण लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

दरड दोन पुरुष उंच असेल. तळाला आपला नेहमीचा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला. त्याच्यावर गोट्यांचा थर. गोटे त्याच कातळाचे, पण नदीने लोळवून गुळगुळीत केलेले, मधेमधे गारगोट्या आणि अकीक. हा थर चुन्याने इतका घट्ट सांधलाय की घाव घातला तर गोटा फुटतो, सांधा सुटत नाही. वर वाळू. वाळूत बारीक तिरप्या रेघा आहेत, सगळ्या एकाच बाजूला उतरणाऱ्या. ज्या बाजूला रेघ उतरते त्या बाजूला तेव्हाचं पाणी वाहत होतं. वाळूवर पिवळी चिकण माती, तिच्यात चुनखडीचे खडे. आणि सगळ्यात वर काळी, जिच्यात आपण सोयाबीन पेरतो.

कातळ आणि गोटे जिथे भेटतात त्या रेघेवर बराच वेळ बोट ठेवून उभा होतो. खालचा दगड कोट्यवधी वर्षं जुना. वरचे गोटे हिमयुगांच्या काळातले, म्हणजे गेल्या पंचवीस-सव्वीस लाख वर्षांच्या आतले. मधला सगळा काळ या जागी नोंदलाच गेलेला नाही. जे साचलं असेल ते पुन्हा वाहून गेलं. अख्खा हिमालय वर आला तो याच न नोंदलेल्या काळात, आणि इथे त्याची खूण म्हणजे दोन थरांमधली एक रेघ.

थर कसे पडतात हे मुलांना मी काचेच्या बरणीत दाखवतो. पाणी जोरात असलं की गोटे हलतात, जोर कमी झाला की ते आधी बसतात, मग वाळू. चिकण मातीचा कण इतका बारीक की पाणी जवळपास थांबल्याशिवाय तो खाली बसत नाही. म्हणून गोटे आणि वाळू दिसली की समजायचं, इथे नदीचं पात्र होतं. चिकण माती दिसली की इथे पूर पसरून निवला होता, किंवा डोह होता. एकाच जागी हे थर एकावर एक आहेत, याचा अर्थ नदीने इथे जागा बदलली, आणि एकदाच नाही.

मला आज मिळालेलं मोठं काही नाही, तरी मन भरून गेलं. वाळूच्या थरात एक दाढ. गाय-बैलाच्या जातीची. वरचं लुकण, म्हणजे दाताचं कठीण चकचकीत कवच, झिजलेलं नव्हतं, दुमड दुमड घातलेली स्पष्ट दिसत होती. रंग तपकिरी-काळा, हाताला दगडासारखी जड. शेजारी हाडाचे तुकडे, पण कडा घासून गोल झालेल्या. म्हणजे ते जनावर इथे मेलं नाही, त्याचे तुकडे पाण्याबरोबर कुठून तरी वरच्या अंगाने आले. दाढा टिकतात कारण दाताच्या लुकणाइतकं कठीण शरीरात दुसरं काही नाही. एक तुकडा जिभेला लावला, चिकटला. जुन्या हाडातले बारीक पोकळ रस्ते ओल शोषून घेतात, म्हणून चिकटतं. ही ओळख मोडीत निघालेली नाही, आजही कामाची आहे.

त्याहून जास्त वेळ मात्र मी वरच्या चिकण मातीतल्या एका शिंपल्यापाशी बसलो. गोड्या पाण्यातला शिंपला, दोन्ही शिंपा मिटलेल्या, बिजागरी जागच्या जागी. शिंपला मेला की बिजागरीचा चिवट धागा कुजतो आणि दोन्ही झाकणं सुटी होतात, प्रवाह त्यांना वेगळं नेतो. हा मिटलेला राहिला, म्हणजे जिथे जगला तिथेच मेला आणि लगेच गाडला गेला. वाळूतली दाढ प्रवासी होती, शिंपला या जागचा रहिवासी. हा फरक मला थरामुळे कळला. दोन्ही वस्तू खिशात घालून घरी आणल्या असत्या तर टेबलावर नुसती एक दाढ आणि एक शिंपला राहिला असता. म्हणून हात लावण्याआधी फोटो काढले, बाजूला मोजपट्टी धरून, वर-खालच्या थरांसकट. आणि दोन्ही तिथेच ठेवून आलो.

मांजरेच्या खोऱ्यात जीवाश्म मिळतात हे काही मी शोधलेलं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या जीवाश्म-अभ्यासकांनी, जी. एल. बदाम आणि नंतर विजय साठे यांनी, या नदीच्या काठाकाठाने काम केलं. हारवाडी, गांजूर ही आपल्याच जिल्ह्यातली नावं त्यांच्या शोधनिबंधांत आहेत. मांजरा जिला मिळते त्या गोदावरीच्या गाळातल्या हत्तीबद्दल तर भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी 1905 सालीच लिहिलं होतं. या गाळांत मिळाले ते सरळ सुळ्यांचे अवाढव्य हत्ती, रानबैल, घोडे, सुसरी, कासवं आणि पाणघोडे.

पाणघोडा म्हटलं की वर्गात मुलं हसतात. आफ्रिकेतला प्राणी लातुरात कुठून, असं त्यांना वाटतं. पण तो इथलाच होता. आजच्या आफ्रिकी पाणघोड्याच्या खालच्या जबड्यात पटाशीचे चार दात असतात, भारतातल्या त्या जुन्या वंशाला सहा. आणि पाणघोड्याला दिवसभर बुडून राहायला बारमाही पाणी लागतं, रात्री चरायला जवळ गवत लागतं. म्हणजे जिथे त्याचं हाड, तिथे वर्षभर न आटणारे डोह.

इथे मला दरवेळी 2016 आठवतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर पाणी घेऊन. घागरी धरून रांगेत उभ्या राहिलेल्या बाया आणि पोलीस बंदोबस्तातले टँकर आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्याच मांजरेत कधी काळी पाणघोडे डुंबत होते. पाऊसमान बदललं, डोह आटले आणि तो प्राणी या देशातून संपला, असं अभ्यासक मानतात. त्याच्यासाठी कुठून रेल्वे येणार होती?

मागे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याबद्दल वाचत होतो तेव्हा तिथेही पाणघोड्यानेच मला थांबवलं. तिथे समुद्राकाठी माती-वाळूचे उभे कडे आहेत आणि हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळात समुद्र त्यांचा पाया खातो. सफोकमधल्या पेकफील्डच्या कड्यात पाणघोड्याची आणि सरळ सुळ्यांच्या हत्तीची हाडं मिळाली. त्याच ठिकाणी मिळालेली माणसाने घडवलेली गारेची हत्यारं सुमारे सात लाख वर्षांपूर्वीची आहेत. वर, नॉरफोकमध्ये, वेस्ट रनटनला 1990 च्या डिसेंबरात वादळानंतर कड्याच्या पायथ्याशी एक मोठं हाड उघडं पडलं. 1995 साली रीतसर उत्खनन झालं आणि जवळजवळ अख्खा मॅमथ निघाला, खांद्यापाशी चार मीटर उंचीचा. आणि तो ज्या थरात होता तो समुद्राचा नव्हेच, एका जुन्या संथ नदीचा गाळ. समुद्राने तो फक्त कापून दाखवला. आपल्याकडे समुद्र दोन-अडीचशे मैलांवर, पण कापून दाखवायचं काम पूर करतो.

फरक एकच, आणि तो मला फार लागतो. तिथे वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कड्याखाली फिरून काय उघडं पडलं ते बघतात, सांगायचं कुणाला तेही त्यांना माहीत असतं. इथे पूर ओसरला की आधी वाळू उचलणारा हायवा ट्रक येतो. वाळू जाते आणि वाळूबरोबर दाढाही कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातात.

दुपारी मामा आले. दरडीवरचं शेत त्यांचंच.

"काय हुडकायलाव सर? सोनं हाय का त्यात?"

"हाडं शोधायलोय मामा. लई जुनी."

"आमचा आजा म्हणायचा, नदीत राकसाची हाडं निघतेत म्हणून. मला वाटायचं, भ्या दाखवायला सांगायलाय."

मी त्यांना दाढ दाखवली. त्यांनी वाकून, चष्मा वर करून नीट पाहिली आणि लगेच म्हणाले, "ही बैलाची हाय. पर एवढा बैल कुठं असतोय?" आयुष्यभर बैलांचे दात पाहून वय सांगणारा माणूस. मी त्यांना रानबैलाबद्दल सांगितलं, ते ऐकत राहिले.

मग त्यांनी शेत दाखवलं. नदीकडची पट्टी अशी खरडून गेलीय की खाली नुसता मुरूम उरलाय. उभं सोयाबीन गेलंच, पण सोयाबीन पुढच्या साली पुन्हा येईल. काळी माती तयार व्हायला किती काळ जातो हे त्या दरडीकडे पाहूनच आलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. ज्या पुराने मला हे थर दाखवले त्यानेच मामांचं रान नेलं. दिवसभराचा माझा आनंद तिथे गप्प झाला.

"आता पंधरवड्यात जेसीबी लावायचाय. हीच दरड वरून ढासळून माती पसरतो रानात. दुसरी आणायची कुठून? डंपरचं भाडं परवडतंय का?"

नको म्हणायचा मला हक्क नाही, आणि मनातही आलं नाही. रान उभं राहायलाच हवं. मी एवढंच म्हटलं, मामा, त्याच्या आधी मला ही दरड टोकापासून टोकापर्यंत मोजू द्या, थरवार फोटो घेऊ द्या, पुण्याच्या लोकांना कळवू द्या. आणि जेसीबी लागेल तेव्हा मी इथे उभा राहीन. खालच्या वाळूला आणि गोट्यांना हात लावू नका, तुमच्या रानाला त्यांचा तसाही उपयोग नाही.

मामांनी दरडीकडे पाहिलं. "वरची पिवळी अन काळी मला. खालचं समदं तुमचं. झालं?"

झालं.

आज रात्री फोटो, जागेचे आकडे आणि थरांची उंची असं सगळं डेक्कन कॉलेजला ईमेलने पाठवतोय. उद्या शाळा सुटल्यावर नववीची पोरं घेऊन जायचं. टेप, सुतळी, खडू, एक शिडी. पश्चिमेच्या टोकापासून सुरुवात करू, कारण मामांचा जेसीबी तिकडूनच लागणार आहे.