कुकरच्या पाच रिंगा

रविवार, रात्रीचे साडेअकरा. दिवाळी बारा दिवसांवर.

आज स्वयंपाकघरातले आणि बाहेरच्या खोलीतले कप्पे रिकामे केले. कुकरच्या पाच रिंगा निघाल्या, सगळ्या एकाच मापाच्या, तीन तर पाकिटातसुद्धा तशाच. चार कात्र्या. न फोडलेली नऊ टपालं. आणि पॅन-आधार जोडल्याची छापील पावती, १,००० रुपये. ३१ मार्च २०२२ पर्यंत हे काम फुकट होत होतं. दहा मिनिटांचं काम. ते राहिलंय हे मला त्या काळात रोज माहीत होतं. दात घासताना, बसमध्ये, रात्री दिवा घालवल्यावर. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि काम हातात घेणं मेंदूच्या जडणघडणीमुळेच अवघड जातं. लोकांना वाटतं मी विसरते. विसरण्याचा भाग लहान आहे. आठवत असूनही हात पुढे होत नाही, हा भाग मोठा आहे, आणि तो समजावून सांगण्यात माझी कितीतरी वर्षं गेली.

वही घेतली आणि एका वर्षाचा हिशेब मांडला. आयकराचं रिटर्न मुदतीनंतर भरलं म्हणून ५,०००. कर एक रुपयाही द्यायचा नव्हता, उलट परतावा यायचा होता. ‘फॉर्म १६’, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, जूनपासून मेलमध्ये पडून होता. क्रेडिट कार्डाचं व्याज आणि दंड मिळून ४,३००, तेही खात्यात पैसे असताना. हरवलेले दोन चष्मे, ६,२००. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन चुकली म्हणून टॅक्सीने मुंबई गाठली, ३,४००. बस निघून गेली म्हणून केलेल्या रिक्षा, अ‍ॅपमधून बेरीज काढली तर १४,०००. एकूण ३२,९००. फ्रिजमध्ये सडलेल्या जुड्या यात धरलेल्या नाहीत. ऑफिसच्या दौऱ्यांची बिलं वेळेत दिली नाहीत म्हणून माझे स्वतःचे जे पैसे बुडाले, तेही नाहीत. एडीएचडीपायी असे जे जादा पैसे जातात, त्यांना इंग्रजीत ‘एडीएचडी टॅक्स’ म्हणतात.

वहीत न मावणारा खर्च वेगळाच. चार वाजता कुठे जायचं असेल तर दुपारी बारापासून दुसरं काही सुरूच करता येत नाही. मीटिंगला उशीर होईल या धास्तीने चाळीस मिनिटं आधी पोचून इमारतीखाली उभी राहते. एखादी चूक झाली की तिची भरपाई म्हणून दुसऱ्यांची कामं अंगावर घेते. दोन वर्षांपूर्वी वरच्या जागेसाठी अर्जच केला नाही, कारण त्या कामात चौघांच्या रजा आणि बिलं सांभाळायची होती. पगारातला तो फरक कुठल्या रकान्यात लिहू?

माझं निदान झालं ते लेकामुळे. तो नऊ वर्षांचा असताना त्याची तपासणी झाली. डॉक्टर त्याच्याबद्दल विचारत होत्या आणि मनात मी माझी उत्तरं देत होते. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. मुलींचं मात्र बऱ्याचदा निसटतं, कारण आमच्यातल्या पुष्कळजणी वर्गभर धावत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. मानसोपचारतज्ज्ञांनी माझी जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. मोठेपणी निदान करायचं तरी लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. आईने ट्रंकेतून चौथीचं काढून दिलं. बाईंचा शेरा होता, ‘हुशार आहे. लक्ष नसते. वस्तू हरवते.’ ते वाचून मी रिक्षात रडले.

मी मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध घेते. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं; त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि औषध मोजक्याच दुकानांत मिळतं. गोळ्या संपायच्या आत आठवणीने वेळ घ्या, चिठ्ठी आणा, दुकान शोधा. जे मला जमत नाही म्हणून औषध आहे, तेच जमलं तर औषध मिळतं. याचा मला राग येतो. आता नवऱ्याने त्याच्या फोनमध्ये तारीख लावून ठेवली आहे.

मार्चमध्ये ऑफिसात सांगितलं. हात थरथरत होते. मागितलं तरी काय? तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत लिहून पाठवा. महिन्याच्या कामाला मधली एक तारीख द्या. पँट्रीजवळची जागा बदला. यात कुणाचा एक पैसा गेला नाही, आणि तेव्हापासून माझं एकही काम उशिरा गेलेलं नाही. एका सहकाऱ्याने विचारलं, “मग आम्हालाही सवलत नको का?” मी म्हटलं, जरूर घ्या. आता ते दोन ओळींचे निरोप अख्खी टीम वापरते.

पण ‘सवलत’ हा शब्द मला टोचतो. सवलत म्हणजे कमी भाड्यात प्रवास. मी तर आयुष्यभर जादा भाडं भरत आले आहे. ‘सोय’ म्हणावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाजवी सोयीची कल्पना आहे. मात्र त्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. लेकाला फक्त एडीएचडी आहे. यंदाच्या वर्गशिक्षिका त्याला मागे उभं राहून लिहू देतात, गृहपाठ वहीत उतरला की नाही ते स्वतः बघतात, म्हणून ठीक चाललंय. पुढच्या वर्षी बाई बदलतील. मला रात्री जाग येते ती याच विचाराने.

लहानपणी मी अभ्यासाला बसले की आई शेजारी शेंगा सोलत बसायची. बोलायची काहीच नाही. ती उठली की माझं पुस्तक मिटतं, हे तिने केव्हातरी हेरलं असणार. घराची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घालायची, ती युक्तीही तिचीच. शाळेत मुली त्यावरून चिडवायच्या आणि मी तिच्यावर रुसायचे.

हे कप्पे दोन वर्षं तसेच होते. आज दुपारी आई मेथीच्या दोन जुड्या घेऊन शेजारी येऊन बसली आणि मेथी निवडून होईतो दोन्ही कप्पे आवरले. रिंगा पारदर्शक डब्यात घातल्या, डब्यावर चिठ्ठी चिकटवली.

झोपायला जाताना ती म्हणाली, “उद्या माळा आवरायला काढ. गवार निवडायची आहे, मी बसते खाली.”