बर्डकेजची पितळी चौकट: माझा अनुभव

मासेराती या इटालियन कंपनीच्या टिपो 60 आणि टिपो 61 या शर्यतीच्या मॉडेलांच्या, म्हणजेच 'बर्डकेज'च्या, मिळून जेमतेम वीस-बावीस गाड्या बनल्या. आज त्यातली एखादी लिलावात आली तर बोली कोटींच्या भाषेत लागते, त्यामुळे ती विकत घेण्याचा विषय आपल्या घरात निघतच नाही. मला मात्र तिच्या पत्र्यापेक्षा आतली चौकट हवी होती. सुमारे 200 बारीक नळ्यांची ती जाळी पिंजऱ्यासारखी दिसते, म्हणून तर गाडीचं नाव बर्डकेज पडलं. ती 1:10 प्रमाणात, पितळेच्या तारेत करायची असं ठरवलं.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय ही चौकट अशी का आहे ते कळत नाही. 1957 साली मासेरातीच्या गाडीवर फांजिओ हा शर्यतपटू फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. त्याच वर्षाच्या शेवटी व्हेनेझुएलातल्या कराकसच्या शर्यतीत कंपनीच्या गाड्या एकामागोमाग अपघातात गेल्या, तिजोरी आधीच रिकामी होती, आणि मोदेनाच्या या कारखान्यानं अधिकृत शर्यतींतून अंग काढून घेतलं. गिऱ्हाइकांना विकायला शर्यतीची गाडी मात्र हवीच होती. मुख्य अभियंता जूलिओ आल्फिएरी यांच्याकडे नवं मोठं इंजिन करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी चार सिलिंडरचंच इंजिन ठेवलं आणि सगळी अक्कल वजन कमी करण्यात घातली. गाडी 600 किलोच्या आसपास, नुसती चौकट साधारण 36 किलो!

पहिली अडचण नकाशाची. मूळ आराखडे हाती लागण्यासारखे नव्हते. दुरुस्तीसाठी पत्रा उतरवलेल्या गाड्यांचे फोटो आणि काही छेदचित्रं एवढंच भांडवल. दोन वेगळ्या गाड्यांचे फोटो शेजारी ठेवले की नळ्या पुरत्या जुळत नाहीत. हाताचं काम असल्यावर एवढा फरक असायचाच. शेवटी एकच गाडी पक्की धरली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2200 मिलिमीटर हे माहीत होतं, म्हणजे माझ्याकडे 220. त्या मापावरून एकेका सांध्याची जागा संगणकावर बसवत गेलो. नळ्या मोजण्यापेक्षा सांधे मोजणं सोपं जातं, हे मला फार उशिरा नाही, पण सुरुवातीलाही सुचलं नव्हतं.

सामान सोपं. खऱ्या नळ्या 10 ते 15 मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे मला 1 आणि 1.5 मिलिमीटरची तार पुरे. पुण्याच्या बोहरी आळीत दोन्ही मिळाल्या. प्लायवूडवर खिळे मारून जिग, म्हणजे तारा जागेवर धरून ठेवणारा साचा, केला.

खरी परीक्षा डाग देताना, म्हणजे सोल्डर वितळवून तारा जोडताना. एका सांध्यावर पाच-सहा तारा येतात. सहावी जोडायला जावं तर पहिल्या तीन सुटून हातात. ताकदवान सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डरिंग आयर्न, ओला कापूस, सगळं करून झालं. मग रविवार पेठेत चांदीकाम करणाऱ्या एका काकांकडे अर्धवट चौकट घेऊन गेलो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "अहो, पितळ ऊब लगेच पळवतं. आधी कडक डाग द्यायचा, मऊ डाग शेवटी. आणि झालेल्या सांध्याला ओला गेरू फासा, म्हणजे तो परत वितळून वाहणार नाही." टाकणखार किती, ज्योत कुठून न्यायची, हेही त्यांनी करून दाखवलं. पैसे विचारले तर म्हणाले, झाल्यावर आणून दाखवा.

हे काम करतानाच मला आल्फिएरींचा हिशेब कळला. 200 नळ्या म्हणजे 400 टोकं, आणि प्रत्येक टोकाला समोरच्या नळीच्या गोलाईत बसेल अशी खाच. माल थोडा लागतो, मजुरी बेसुमार. कुशल कारागीर हाताशी आणि खिशात पैसा नाही, अशा कारखान्यालाच ही रचना सुचते. पुष्कळ लोक तिला हौस म्हणतात. मला ती काटकसर वाटते.

नळी एवढी बारीक चालते कशी, याचं उत्तर त्रिकोणात आहे. चौकोन कोपऱ्यांतून तिरका होतो, त्रिकोण होत नाही. भार नेमका सांध्यावर आला तर प्रत्येक नळी फक्त ताणली जाते किंवा दाबली जाते, तिला वाकावं लागत नाही. वाकायचं नसेल तर जाड नळीची गरजच काय? हे पडताळायला मागचं टोक शिकंजात धरलं, पुढच्या एका कोपऱ्याला वजन टांगलं आणि किती वाकतं ते काट्यावर दाखवणारा डायल गेज लावला. चालकाच्या पुढची एक तिरपी तार काढून पाहिली तर काटा लगेच सरकला. परत जोडली, काटा जागेवर. अर्थात माझी तार भरीव पितळेची आणि त्यांची पोकळ पोलादी नळी, तेव्हा या आकड्यांवरून खऱ्या गाडीबद्दल काही बोलू नये.

इंजिनाचा ठोकळा थ्रीडी प्रिंट करून घेतला. टिपो 61 चं इंजिन 2890 सीसीचं, 100 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 92 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), सुमारे 250 अश्वशक्ती. ते चौकटीत 45 अंश कलतं बसवलेलं आहे, बॉनेट खाली यावं म्हणून. माझ्या चौकटीत ते वरून उतरेना. दोन तारा सोडवून, ठोकळा घालून, पुन्हा डाग दिला. मागे पाच गिअरची पेटी आणि द दियाँ अॅक्सल (मागची दोन्ही चाकं जोडणारी नळी), आडव्या पाटा स्प्रिंगसकट. हा भाग गुंतागुंतीचा दिसतो, पण पटकन झाला.

शेवटी तेलाच्या नळ्या राहिल्या. ड्राय संपचं इंजिन, त्यामुळे तेल वेगळ्या टाकीत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणं-येणं. 1960 च्या जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग 1000 किलोमीटर शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि डॅन गर्नी यांच्या टिपो 61 ची अशीच एक नळी फुटली, पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, मिनिटं गेली, आणि धुक्यात पिछाडी भरून काढून त्यांनी शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी तिथंच मास्टन ग्रेगरी आणि लकी कॅस्नर यांनी टिपो 61 वरच शर्यत जिंकली. माझ्या नळ्या मऊ तांब्याच्या आहेत आणि त्यांना डाग दिलेला नाही, नुसत्या खोचल्या आहेत, कारण इंजिन अजून एकदा बाहेर काढावं लागणार आहे. पत्रा चढवायचा नाही, हे मात्र पक्कं.