मूळचे कोण?

"तुम्ही ख्रिश्चन? मग मूळचे कोण?"

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दवाखान्याच्या रांगेतही. परवा नव्याने रुजू झालेल्या गणिताच्या सरांनी विचारला. "मॅडम, आडनाव आपल्याच इकडचं वाटते, बोलणंही आपल्यासारखंच. मग मूळचे कोण?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. सर, तुम्ही विचारलंत म्हणून उरलेलं उत्तर इथे लिहिते.

गाव विचारायचं असतं तर आपण 'कुठचे' म्हणतो. 'मूळचे कोण' म्हणजे जात, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. तुम्ही वाईट हेतूने विचारलं नाही, हेही मला कळलं. पण या प्रश्नाला मी एकदा फार वाईट उत्तर दिलं होतं, ते आधी सांगायला हवं.

1995 साली बी.एड.साठी मी काटोलहून नागपुरात आले. महाल भागात एका जुन्या वाड्यात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीण काकूंनी हेच विचारलं. त्याआधी दोन ठिकाणी 'ख्रिश्चन' म्हटल्यावर खोली 'कालच दिली' असं ऐकून आले होते. मी आजोबांची जुनी जात सांगितली. तीन पिढ्यांपूर्वी सोडलेली. काकूंनी लगेच किल्ली दिली आणि वर चहाही दिला.

मग सुरू झालं लपवणं. रविवारी सकाळी 'लायब्ररीत जाते' म्हणून सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये उपासनेला जायचं. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कपड्यांच्या खाली. नाताळात दाराला चांदणी नाही. आईने डब्यातून पाठवलेल्या करंज्या मी दार लावून एकटीने खाल्ल्या. करंजी एकटीने खाण्याचा पदार्थ नाही, सर. त्या रात्री मला जेवढं परकं वाटलं तेवढं 'कालच दिली' ऐकतानाही वाटलं नव्हतं.

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या, एका रविवारी पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचला. येशूचा शिष्य शिमोन पेत्र याने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं होतं, ते बहुतेकांना माहीत असतं. पण पुढे समुद्रकाठी, कोळशाच्या विस्तवापाशी येशू त्याला भेटतो. 'तू मला का नाकारलंस' असं तो विचारत नाही. 'शिमोना, योहानाच्या मुला, माझ्यावर प्रीती करतोस का?' हेच तीनदा विचारतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आलं की येशू त्याला बापाच्या नावानिशी हाक मारतो. त्याचं मूळ त्याला ठाऊक आहे, तो ते पुसतही नाही. पण प्रश्न मात्र मुळाचा नाही, प्रीतीचा आहे. मी ज्या प्रश्नाला घाबरून खोटं बोलले होते, त्याच्यापेक्षा मोठा प्रश्न कुणीतरी मला विचारत होतं, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. लहानपणी बाप्तिस्मा झाला, चौदाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, झालं, पण मी ख्रिस्ताची झाले ती त्या बाकावर, असंच मी मानते.

संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या.

"आधी काऊन नाही सांगितलं?"

"खोली दिली नसती तुम्ही."

"नसतीच दिली," त्या म्हणाल्या. "पण आता जा म्हणवत नाही."

पंधरा दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. तेवढा त्यांचा हक्क होता.

आता आजोबांचं. ते काटोलकडे संत्र्याच्या कलमा बांधायचे. आपल्याकडचं संत्रं सहसा स्वतःच्या मुळावर उभं नसतं, हे तुम्हाला माहीत असेल. जंभेरीचं, म्हणजे एका रानटी आंबट लिंबाचं, बी रुजवून रोप वाढवतात आणि त्याच्या खोडाला चीर देऊन संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवून बांधतात. डोळा फुटला की वरचं जंभेरीचं शेंड्याकडचं छाटतात. खाली जंभेरी, वर संत्रं. आजोबांना कुणी 'मूळचे कोण' विचारलं की ते बागेतल्या झाडाकडे बोट दाखवून म्हणत, "याचं मूळ जंभेरीचं हाय. पण बाजारात याले जंभेरी म्हणून कोण विकते?"

लहानपणी मला हे उत्तर पुरेसं वाटायचं. नंतर वाटलं, यात जंभेरीचा अपमान तर होत नाही? काळ्या जमिनीत झाड तग धरतं ते तिच्या जोरावर. माझी मराठी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, हे सगळं त्याच मुळातून आलं आणि ते टाकून देण्यासारखं नाही. कवी ना. वा. टिळकांनी टाकलं नाही. 1893 साली याच नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. आम्ही त्यांची गीतं आजही पेटी-तबल्यावर म्हणतो. म्हणून 'तुमचा धर्म इंग्रजांचा' म्हटलेलं मला लागतं.

आजोबा आणखी एक सांगायचे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कलम लागली म्हणजे काम संपलं नाही. डोळ्याच्या खालून, खुंटावर, पुन्हा पुन्हा फूट येते. ती जंभेरीची असते, जोमाने वाढते, आणि वेळीच काढली नाही तर संत्र्याचं खायला घेते. आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, जातीची ही फूट येते, सर. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली, आणि तरी आमच्यातली काही घरं सोयरीक जमवताना हळूच विचारतात, 'मूळचे कोण?' ख्रिस्तामध्ये यहुदी नाही की हेल्लेणी (ग्रीक) नाही, असं प्रेषित पौलाचं वचन रविवारी वाचायचं आणि सोमवारी हे विचारायचं. माझ्या मुलीच्या बाबतीत विचारलं गेलं, तेव्हा मी ते स्थळ तिथेच सोडलं.

माझी एक मैत्रीण दर विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतलेल्या लाखोंमध्ये तिचे आजोबा होते. तिची वाट वेगळी, माझी वेगळी. ती बुद्धाला शरण जाते, मी ख्रिस्ताला, आणि आम्ही दोघी एकमेकींना ते उघडपणे सांगतो. पण 'मूळचे कोण' ऐकल्यावर तिचा चेहरा जसा होतो, तसाच माझाही होत असणार.

तर सर, मी काय उत्तर देते? आता मी जात सांगत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, तर तिच्यावरून मी तुम्हाला कळणार नाही म्हणून. आजोबा कलमा बांधायचे, हे सांगते. येशू ख्रिस्ताने मला नावाने हाक मारली, हे सांगते. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा अशी अट घालत नाही. पण लपवतही नाही, कारण लपवून बघितलं आहे.

आणि दर नाताळात महालात करंज्या घेऊन जाते. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघ्यांनी बसलेल्या. 'तुझ्या देवाला सांग गं माझ्या गुडघ्यांचं,' म्हणतात, आणि मी तिथेच त्यांचा हात धरून प्रार्थना करते. गेल्या वेळी शेजारच्या नव्या सूनबाई डोकावल्या आणि माझ्याकडे बघत काकूंना म्हणाल्या, "ह्या कोण?"

काकूंनी करंजीचा डबा तिच्यापुढे सरकवला. "ही? आमच्याकडे राहायची. आमची ख्रिश्चन पोरगी."