पिना चकाकत होत्या, म्हणूनच कुणाला शंका आली नाही

भोसरीच्या एका शॉपमध्ये गिअरबॉक्सच्या पिनांचा लॉट अडकला होता. माल २० एमएनसीआर ५ पोलाद, केस हार्डन करून (म्हणजे वरचा थर कडक करून) कडकपणा ६० एचआरसी, वर सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, म्हणजे फिरत्या व्हीलनं गोलाईवर घासणं. एमपीआयला, म्हणजे चुंबकीय कणांनी भेगा शोधायच्या तपासणीत, केसासारख्या भेगा दिसल्या आणि सगळ्यांनी हीट ट्रीटमेंटवाल्याकडे बोट दाखवलं. तो बाहेरचा, त्याच्यावर ढकलणं सोपं.

पण भेगा पिनेच्या लांबीत होत्या, म्हणजे ग्राइंडिंगच्या रेषांना काटकोनात. आणि न घासलेली टोकं स्वच्छ. हार्डनिंगची भेग घासलेल्या भागाच्या कडेला येऊन थांबत नाही. म्हणून दोन पिना तेल काढून ४ टक्के नायटलमध्ये (अल्कोहोलमध्ये नायट्रिक ॲसिड) काही सेकंद बुडवल्या आणि धुतल्या. काळपट चट्टे उमटले, एकाच्या मधोमध पांढरा ठिपका. काळं म्हणजे हार्डनिंगनंतर केलेल्या टेम्परिंगच्या १८० अंशांच्या बरंच वर ताप चढून पोलाद मऊ पडलं. पांढरं म्हणजे ताप ७०० च्याही पार गेला आणि कूलंटनं तिथल्या तिथे पुन्हा हार्डन केलं. भेगा नेमक्या याच चट्ट्यांत.

मशीन पूर्ण थांबवून व्हीलवर बोट फिरवलं. चालत्या कामातलं चांगलं व्हील खरखरीत लागतं. हे काचेसारखं गुळगुळीत. लेबलवर डब्ल्यूए ६० एम, प्रोसेस शीटवर के. शेवटचं अक्षर म्हणजे ग्रेड, बाँड कण किती घट्ट धरतो ते; एम हे के पेक्षा कडक. दोन्ही पांढरी, दोन्ही ४०० मिमीची. स्टोअरनं रंग आणि माप बघून दिलं, अक्षर कुणी वाचलं नाही. कडक जॉबला नरम व्हील लागतं ते याचसाठी: बोथट झालेला कण सुटला पाहिजे, तर मागचा धारदार कण पुढे येतो. एम ग्रेडचा बाँड कणाला धरून बसतो. मग व्हील कापत नाही, नुसतं घासतं.

त्यात ड्रेसिंग, म्हणजे डायमंडनं व्हीलचं तोंड ताजं करणं. डायमंड ५ मायक्रॉन खोलीनं, मिनिटाला ८० मिमी अशा संथ चालीनं फिरत होता. १६०० आरपीएमला म्हणजे फेऱ्याला ०.०५ मिमी. अशानं कण फुटत नाहीत, सपाट होतात. ऑपरेटरला मी दोष देणार नाही. त्याच्याकडे मागणी फक्त फिनिशची होती, आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये; कमी तितका गुळगुळीत) ०.४ मागितलं, तो ०.२ देत होता.

के व्हील आणलं. लाकडी दांड्यानं ठोकून खणखणीत आवाज ऐकला, म्हणजे तडा नाही, फ्लँजला दोन्हीकडून ब्लॉटर (कागदी चकत्या) लावून बसवलं, गार्ड बंद करून मोकळं फिरवलं. ड्रेसिंग २० मायक्रॉन, २४० मिमी. रिफ्रॅक्टोमीटरवर मोजून, त्याचा फॅक्टर धरून, कूलंटचं पाण्यातलं प्रमाण जेमतेम २ टक्के निघालं, ते ५ वर नेलं. नोझल जॉबच्या अंगावर पाणी मारत होतं; ते व्हील आणि जॉब भिडतात त्या फटीत वळवलं. पुढच्या पन्नास पिना नायटलला स्वच्छ निघाल्या. आरए ०.३५ आलं, पिना थोड्या मंद दिसू लागल्या, आणि इन्स्पेक्शनवाल्यांनी लगेच विचारलं, ‘फिनिश का उतरलं?’

एम व्हील मशीनवर चढल्यापासून या लॉटच्या आधी दोन लॉट फक्त माप आणि आरए बघून गेले होते. त्यांचं ना नायटलचं इचिंग झालं, ना एमपीआय. गिऱ्हाइकाला कळवायला लावलं, पण तोवर त्या पिना गिअरबॉक्समध्ये बसल्या होत्या.