मर्फी कुठले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सुट्टीत घरी आले की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न ठरलेला. आयर्लंडमध्ये, कॉर्कला, आमचे शेजारी मर्फी, मुलीच्या शाळेतल्या बाई मर्फी, दातांचे डॉक्टर मर्फी, कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानावर पाटी मर्फीचीच. हे ऐकलं की दापोलीचे काका विचारतात, "आपल्या रेडिओवाल्या मर्फीचे कोणी का?" आणि काकू त्यांच्या पाठोपाठ, "एका गावात एवढे मर्फी, म्हणजे सगळे भाऊबंदच असतील ना गं?"

रेडिओचं आधी सांगून टाकते. आपल्या दिवाणखान्यात मानानं बसलेला, हनुवटीवर बोट ठेवलेल्या बाळाच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोचलेला मर्फी रेडिओ मूळचा इंग्लंडचा. फ्रँक मर्फी यांनी १९२९ साली एका भागीदाराबरोबर लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटीत ती कंपनी काढली. कंपनी इंग्लिश, आडनाव आयरिश. आमच्या शेजाऱ्यांशी तिचा संबंध नाही.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. मलाच ते नीट कळायला काही वर्षं लागली.

आपलं आडनाव ऐकलं की गाव कळतं. आम्ही केळशीकर, म्हणजे केळशीचे. आयर्लंडच्या आडनावात गाव नसतं, पूर्वज असतो. 'मॅक' म्हणजे मुलगा. 'ओ' म्हणजे नातू, आणि पुढे वंशज. हा 'ओ' इंग्रजीतल्या 'ऑफ'चा तुकडा आहे असं इथे राहणाऱ्या परदेशी लोकांनाही वाटतं, कारण इंग्रजीत त्याच्यापुढे लोंबता स्वल्पविराम काढतात. तसं काही नाही. तो आयरिश भाषेतला स्वतंत्र शब्द आहे, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ असते आणि त्याचा अर्थ नातू एवढाच. ब्रायन बोरू हा राजा १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला. त्याच्या नातवंडा-पतवंडांनी त्याचं नाव लावलं आणि ओब्रायन हे आडनाव झालं. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आडनावं युरोपात सर्वांत आधी रुळली त्या देशांमध्ये आयर्लंड येतं.

मर्फी हे अशाच एका आजोबांचं नाव आहे, किंवा खरं सांगायचं तर अनेक आजोबांचं. मूळ नाव 'मुरखा'. 'मुर' म्हणजे समुद्र आणि 'कह' म्हणजे लढाई, हे दोन शब्द त्यात आहेत. म्हणून पर्यटकांच्या दुकानांत मर्फी लिहिलेल्या कपांवर 'सागरी योद्धे' असं छापलेलं असतं, वर एक ढाल-सिंहाचं चिन्हही. ते कप पाहिले की मला वाईट वाटतं. आपल्याकडे एखाद्याचं नाव रणजित असलं म्हणून त्याच्या नातवंडांना कोणी रणांगण जिंकलेले म्हणत नाही. मुरखा हे त्या काळी मुलाचं चालू, आवडतं नाव होतं, त्यातले कित्येक मुरखा आयुष्यभर गुरं राखत असतील. आणि मानचिन्ह आडनावाला मिळत नसे, ते एका माणसाला किंवा घराण्याला मिळे.

नाव चालू होतं म्हणूनच गोष्ट गुंतागुंतीची झाली. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या मुरखांच्या वंशजांनी आपापलं आडनाव घेतलं: 'ओ मुरखू', म्हणजे मुरखाचा नातू. आग्नेयेला वेक्सफर्डमध्ये एक मोठं घराणं, पश्चिमेला स्लायगोकडे दुसरं, उत्तरेत टिरोन-आर्माच्या बाजूला 'मॅक' लावणारं तिसरं. त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही. कॉर्कमधले मर्फी वेक्सफर्डच्याच फांदीचे, असं मानणारे बरेच आहेत. इंग्रजी कारकुनांनी या सगळ्यांना कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आणि चार विहिरींचं पाणी एका हंड्यात आलं.

यातला सर्वांत प्रसिद्ध मुरखावंशी आयर्लंडच्या इतिहासात खलनायक म्हणून ओळखला जातो. लेन्स्टर या प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो; यातलं 'मरो' म्हणजे मुरखाच. राज्य गेल्यावर तो मदत मागायला इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे गेला, आणि त्याच्या बोलावण्यावरून ११६९ साली नॉर्मन सैनिक वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर उतरले. पुढच्याच वर्षी त्याने आपली मुलगी इफा नॉर्मन सरदार स्ट्राँगबो याला दिली. मग ते सैन्य परत गेलंच नाही. लोकांनी राजाला 'परक्यांचा डर्मट' म्हटलं, ते आजतागायत. पण त्याच्या मुलांचा वंश आज मर्फी म्हणवत नाही. एका मुलापासून कॅव्हना आले, दुसऱ्यापासून किन्सेला. म्हणजे ज्याच्यामुळे मॅकमरो हे नाव देशभर पोचलं त्याच्या थेट वंशजांची आडनावं दुसरीच, आणि मर्फी आडनाव राहिलं ते त्याच्या भावकीकडे आणि ज्यांचं त्याच्याशी काहीच नातं नव्हतं अशांकडे.

त्याच वेक्सफर्डमध्ये १७९८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव झाला तेव्हा लोकांच्या पुढे उभे राहिले ते बूलावोगचे पाद्री फादर जॉन मर्फी. जुलैत टलो या गावी त्यांना फाशी दिलं. आमच्या शेजारच्या आजी त्यांचं नाव घेताना आजही आवाज खाली आणतात.

या आजींमुळेच मला 'ओ' कुठे गेला ते समजलं. त्या ऐंशीच्या पुढच्या. मी एकदा विचारलं की सलिव्हनचे लोक ओसलिव्हन लावतात, कॉनरचे ओकॉनर, मग तुम्ही नुसत्या मर्फी कशा? त्यांनी मला चहाला बसवलं आणि लॅपटॉप उघडायला सांगितला.

'ओ' एका दिवसात गेला नाही. १४६५ सालच्या एका कायद्याने डब्लिनच्या आसपास इंग्रजांच्या अमलाखाली राहणाऱ्या आयरिश लोकांना इंग्रजी आडनावं घ्यायला सांगितली होती: एखाद्या गावाचं, रंगाचं, धंद्याचं. तो फार दूरवर लागू झाला नसावा, नाहीतर आज एवढे मर्फी दिसते ना. खरी झीज नंतरची. सतराव्या-अठराव्या शतकांत जमिनी गेल्या, कॅथलिकांवर कडक कायदे आले, कचेरी आणि कोर्ट इंग्रजीत चालू लागलं. 'ओ' आणि 'मॅक' म्हणजे जुन्या व्यवस्थेचा माणूस, असा शिक्का बसला. लोकांनी तो भाग गाळून टाकला, काहींनी भीतीने, काहींनी पोटासाठी. १८९३ मध्ये आयरिश भाषेसाठी गेलिक लीग स्थापन झाली तेव्हा पुष्कळ घरांनी आपला 'ओ' परत घेतला. मर्फींनी मात्र इंग्रजी रूपात तो घेतलाच नाही.

लॅपटॉपवर आजींना १९११ सालची जनगणना पाहायची होती. आयर्लंडची १८२१ ते १८५१ ची जनगणनेची कागदपत्रं १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या दप्तरखान्याबरोबर जवळजवळ सगळी जळाली, पुढच्या चार जनगणनांचे कागद त्याआधीच सरकारने नष्ट केले होते. म्हणून संपूर्ण उरलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची, आणि मग १९११ ची. दोन्ही आता कोणालाही फुकट बघता येतात. त्यात कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला कागद दिसतो. आजींच्या आजोबांचा कागद सापडला. अक्षर वळणदार. शेवटच्या एका रकान्यात आयरिश भाषा येते का हे लिहायचं असे. आजोबांपुढे 'आयरिश आणि इंग्रजी', आजीपुढे 'आयरिश आणि इंग्रजी'. खाली सहा मुलांची नावं, आणि त्यांच्यापुढे तो रकाना रिकामा. इंग्रजीच येत असेल तर काही लिहायचं नाही, असा नियम होता. आजी त्या सहा रिकाम्या चौकटींवर बोट फिरवत राहिल्या. त्यातला चौथा त्यांचे वडील.

"शाळेत मी नी वुरखू होते," त्या म्हणाल्या. स्वतंत्र आयर्लंडमध्ये शाळेत हजेरी आयरिशमधून होई. मुलगी असेल तर 'ओ' नाही, 'नी': अमक्याच्या नातवाची मुलगी. लग्न झालेली बाई असेल तर 'ई'. आणि त्यांच्यापुढे मुरखूच्या 'म'चा उच्चार बदलून 'व' होतो. म्हणजे मुलगा, मुलगी आणि सून यांचं आडनाव वेगवेगळं ऐकू येतं. दारावरच्या पाटीवर मर्फी, वर्गात नी वुरखू. "बाई हाक मारायच्या तेव्हा वाटायचं, ही कोणीतरी माझ्याहून मोठी बाई आहे."

आता हे लोक आहेत किती आणि गेले कुठे. १८९० मध्ये जन्मनोंदींवरून केलेल्या सरकारी अंदाजात आयर्लंडमध्ये सुमारे ६२,६०० मर्फी होते, पहिला क्रमांक. दुसरे केली, ५५,९००. तो पहिला क्रमांक अजून टिकून आहे, नवजात बाळांच्या नोंदींतही मर्फीच पुढे असतात. पण अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत ३ लाखांहून जास्त मर्फी निघाले. बटाट्यावर रोग पडून १८४५ पासून जो दुष्काळ आला त्यात सुमारे १० लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली, आणि ती गळती पुढे शंभर वर्षं थांबली नाही. कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरातून १८४८ ते १९५० या काळात सुमारे २५ लाख लोक गेले. मी पाहुण्यांना तिथे नेते. सगळ्यांना टायटॅनिकचे प्रवासी छोट्या बोटींतून निघाले तो धक्का बघायचा असतो, मी त्यांना आधी ॲनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा दाखवते. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर पहिली नोंद झाली ती तिची.

सगळे अमेरिकेलाच गेले असंही नाही. वेक्सफर्डचे एक जॉन जेम्स मर्फी १८४४ साली अर्जेंटिनाला गेले, मेंढ्या पाळून जमीनदार झाले; तिथल्या सांता फे प्रांतात आज मर्फी नावाचं गाव आहे. माणसाच्या आडनावात गाव असतं हे मला माहीत होतं, गावाच्या पाटीवर आडनाव मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. लंडनमध्ये रस्ते आणि बोगदे खणणाऱ्या हिरव्या मर्फी गाड्या केरीहून गेलेल्या एका मर्फीने सुरू केल्या. आणि मुंबईशीही एक धागा आहे. १८३० च्या दशकात मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीसाठी आर. एक्स. मर्फी या गृहस्थांनी मुंबईतल्या सर्वांत जुन्या रहिवाशांवर लेख लिहिला आणि चौदाव्या शतकात मुंबई एकसंध नसून वेगवेगळी बेटं होती असं मांडलं. पुढे मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तो लेख वाचलेला आहे.

लिओ वरडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आजींनी मला विचारलं होतं, या नावाचा अर्थ काय? मी म्हटलं, अर्थ नाही, पत्ता आहे. मालवण तालुक्यात वराड म्हणून गाव आहे, त्यांचे वडील तिथले. त्यांच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण खातं ओवेन मर्फी यांच्याकडे होतं. एकाच्या नावात गाव, दुसऱ्याच्या नावात आजोबा. आजी म्हणाल्या, "आम्हालाही पत्ता लागतो. फक्त तो नावात नसतो."

काकू, तुमचं खरं उत्तर हे आहे. आयर्लंडभर सुमारे ६१,००० टाउनलँड आहेत. टाउनलँड म्हणजे आपल्याकडची वाडी म्हणा, पाच-पन्नास घरांची, कधी एकाच घराची, पण प्रत्येकीला नाव आणि ठरलेली हद्द. दोन मर्फी भेटले की आधी टाउनलँड विचारतात. तेवढ्याने नाही भागलं तर बापाचं आणि आजाचं नाव जोडतात, जॉन पॅट मिक, म्हणजे मिकच्या पॅटचा जॉन. किंवा केसांचा रंग जोडतात. आपल्याकडे वरच्या आळीतले, विहिरीजवळचे म्हणतात ना, तसंच. परदेशी गेलेल्यांच्या घरांत आडनाव राहतं आणि वाडीचं नाव हरवतं. 'मर्फी, कॉर्क' एवढंच घेऊन आलेल्या माणसाला इथे कोणी काही सांगू शकत नाही. तुमच्या ओळखीत कोणी असे शोधायला निघाले तर त्यांना सांगा, म्हाताऱ्या माणसांकडून वाडीचं नाव आधी मिळवा, मग तिकीट काढा.

मागच्या उन्हाळ्यात रविवारच्या प्रार्थनेनंतर बॉस्टनचं एक जोडपं चर्चच्या आवारात उभं होतं. दफनभूमीत डावीकडून उजवीकडे मर्फी, मर्फी, मर्फी. ते थकून गेले होते. त्या बाईंच्या हातात पणजीच्या नावचा एक कागद, त्यावर वाडीचं नाव ऐकीव स्पेलिंगमध्ये, 'नॅगपॉल' असं काहीसं. नकाशात तसं काहीच नव्हतं. आजींनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि वाचायच्या ऐवजी ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला. मग मोठ्याने म्हणाल्या, "नोकनागापल." घोड्यांची टेकडी.

ती बाई रडायलाच लागली. आजी माझ्याकडे वळल्या आणि गाडीची किल्ली आणायला सांगितली. मग त्या बाईंना विचारलं, "तिथे दोन मर्फी आहेत, टेकडीवरचे आणि ओढ्याकाठचे. तुम्ही कुठल्या?"