वाट्याची शेळी

रविवार, वागे

तारखेसोबत बाजाराचा वारही लिहायची सवय आता हाताला लागली आहे. इथे, इंडोनेशियाच्या जावा बेटावर, सोमवार-मंगळवार चालतातच, पण त्यांच्या जोडीने पाच दिवसांचं दुसरं चक्र फिरत असतं: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. बाजार या पाचांवर भरतात. माहेरी आठवडी बाजार चुकला की सात दिवस थांबायचं. इथे पाचव्या दिवशी बायका मिरच्या आणि तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, घेऊन पुन्हा हजर. सात आणि पाच जुळून तोच जोडवार परत यायला ३५ दिवस लागतात. त्याला सलापान म्हणतात. घरात मूल जन्मलं की म्हातारी माणसं आधी जोडवार विचारतात, तारीख नंतर.

आज पहाटेची अजान होऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात पाकदे दारात. पाकदे म्हणजे थोरले काका. रक्ताचं नातं काही नाही, पण शेजार पाच वर्षांचा. हातात टॉर्च, सारोंग गुडघ्यापर्यंत खोचलेला. "म्बाक, मेंदा व्यायली. दोन आहेत."

म्बाक म्हणजे ताई. रोजच्या जावानीजमध्ये शेळीला 'वदुस' म्हणतात. समोरच्याला मान द्यायचा असला की इथे शब्दच बदलतात, आणि त्या मानाच्या भाषेत तीच शेळी 'मेंदा' होते. पाणी 'तोया' होतं, घर 'ग्रिया' होतं. तोय, गृह, मेंढा. पहिल्या वर्षी या शब्दांनीच मला धरून ठेवलं, नाहीतर भाषेच्या धसक्याने मी परत गेले असते.

तशीच चपला घालून गेले. गोठा जमिनीपासून कमरेएवढा उंच, तळ बांबूच्या पट्ट्यांचा, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि शेळीचं अंग कोरडं राहतं. कोपऱ्यात पोत्यावर दोन पिल्लं. कान एवढे लांब की ओले होऊन गालांना चिकटले होते, आणि बोकड उभा राहायला गेला की पुढचा पाय स्वतःच्याच कानावर पडायचा. बुदेने, म्हणजे थोरल्या काकूने, कोमट पाण्यात माडाचा गूळ कालवून शेळीपुढे धरला. शेळी डोळे मिटून प्यायली. मी पाटीचा, म्हणजे मादी पिल्लाचा, कान बोटांत धरला तर आतून गरम होता, आणि कडेने नाडी उडताना दिसत होती.

या जातीला 'पेरानाकान एतावा' म्हणतात, एतावाचा संकर. एतावा म्हणजे आपल्या उत्तर प्रदेशातलं इटावा. डच अमलात तिकडच्या जमनापारी शेळ्या इथे आणल्या, इथल्या बुटक्या 'काचांग' शेळ्यांशी त्यांचा संकर झाला, आणि डोंगरापलीकडचं कालिगेसिंग त्या शेळ्यांसाठी नावाजलं. तसंच नाक बाकदार, तसेच कान लोंबते. भारतातून आलेलं इतकं जुनं आणि इतकं मुरलेलं दुसरं काही या गावात रोज माझ्या डोळ्यांसमोर नाही.

शेळी माझी आहे, आणि माझी नाहीही. तिचे पैसे मी घातले, २५ लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण १३ हजार. पाळतात पाकदे. पिल्लं निम्मी-निम्मी. याला 'गादुह' म्हणतात. आमच्याकडे अर्धेलीने शेळी देतात तेच. पाकदेंनी पहिल्या दिवशी समजावायला सुरुवात केली तेव्हा मी मध्येच पुढचं सांगून टाकलं होतं, आणि ते बुदेकडे वळून म्हणाले, "यांच्याकडेही असतं."

बुधवार, पाहिंग

दिवसभर पाऊस. हे युनिव्हर्सिटीतून भिजून आले, योग्यकार्ताहून स्कूटरवर तासभर. आज रात्री त्यांची रोंदाची पाळी आहे, गस्तीची.

आज जमिनीचं लिहून टाकते. तीन वर्षं लिहायचं टाळलं.

आजोबांची बागायत धोम धरणाखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाबा मला काठावर नेऊन गाळातली एक रेघ दाखवायचे. "तो आपला बांध." मला तिथे कधीच बांध दिसला नाही, पण मी हो म्हणायचे. इथे आलो आणि गिरिमुल्योच्या या उतारावरची भाताची खाचरं बघितली, कोकणातल्यासारखी, एकाखाली एक, पाणी वरच्याच्या बांधातून खालच्यात उतरणारं, तेव्हाच मनाने घेतलं की चार खाचरं आपली असावीत.

आपल्याकडे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. इथे नागरिकच असावं लागतं. १९६० च्या जमीन कायद्याने पूर्ण मालकी, 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन माणसाला. परक्याला ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क मिळू शकतो, मालकी नाही. हे मला माहीत होतं. तरी शहरातला एक दलाल भेटला, म्हणाला, नाव दुसऱ्याचं लावू, आतून करार करू, सगळे करतात. मी ५० लाख रुपिया इसार दिला. यांना नंतर सांगितलं.

मग एकदा गावच्या कचेरीत दुसऱ्याच कामाला गेले असताना चारिकना, म्हणजे ग्रामसेवकासारखं काम बघणाऱ्यांना, सहज त्या खाचरांबद्दल विचारलं. त्यांनी कपाटातून 'लेटर सी' काढलं. आपल्या सातबाऱ्याआधीच्या जुन्या दप्तरासारखी जाडजूड वही, कोपरे झिजलेले. ज्याच्या नावावर खाचरं होती तो माणूस कधीच वारला होता. वारस सात, त्यातले दोन सुमात्रात. चारिकनी वही मिटली आणि हळू आवाजात सांगितलं की परक्यासाठी दुसऱ्याच्या नावावर घेतलेला व्यवहार कायद्याने रद्दच ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. म्हणजे माझी तर गेलीच असती, त्या सात जणांचीही गेली असती. पैसे परत मिळाले नाहीत. पैशांपेक्षा हे लागलं की बांधाच्या ओढीत मी सात घरांचा बांध धोक्यात घालायला निघाले होते, आणि मला त्यांची नावंही ठाऊक नव्हती.

जावातल्या शेतकऱ्यांकडे जमीन असते तरी किती? अर्ध्या हेक्टरच्या आत ज्याची शेती, त्याला 'पेतानी गुरेम' म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची ऊ. सरकारी अहवालातही हाच शब्द असतो. पाकदे गुरेमच. स्वतःची दोन खाचरं, आणि बाकी दुकुहांच्या, म्हणजे वाडीच्या प्रमुखांच्या, पलुंगुहातली निम्म्या वाट्याने. पलुंगुह म्हणजे गावकामगाराला कामाचा मोबदला म्हणून लावून दिलेली जमीन. आपली वतनं गेली, इथे ती पद्धत अजून चालू आहे.

माझं प्रकरण गावाला कळलंच. कोणी बोललं नाही. महिन्याभराने पाकदे आले, ओसरीवर बसले, चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "म्बाक, जमीन चालत नाही. शेळी चालते. तुम्ही गेलात तरी ती इथे चरत राहील."

रात्रीचे साडेअकरा. आता दाराबाहेर टिंग वाजलं. प्रत्येक घरापुढे एक छोटं भांडं टांगलेलं असतं. पूर्वी त्यात चिमूटभर तांदूळ ठेवत, म्हणून नाव जिंपितान, चिमूट. आता पाचशे रुपियांचं नाणं. गस्तवाले ते गोळा करत फिरतात, आणि त्यातून वाडीचा मांडव येतो, खुर्च्या येतात, आजारी माणसाला गाडी मिळते. आजचं आमच्या दारचं नाणं यांनीच उचललं असणार.

शनिवार, क्लिवोन

पाऊस थांबला म्हणून दोघं स्कूटर काढून कोकापला, सर्मो धरणावर गेलो. वाटेत माडांच्या खोडांना खाचा, पायऱ्यांसारख्या. त्यांवर पाय देऊन माणसं सकाळ-संध्याकाळ चढतात आणि नीरा उतरवतात. इथेही शब्द 'निरा'च. चुलीवर तासन्तास आटवून करवंटीत ओततात, तो गूळ.

सर्मो १९९६ मध्ये सुरू झालं. डोंगरांच्या ओंजळीत हिरवं, शांत पाणी. त्याखाली वस्त्या होत्या. शंभरावर कुटुंबं उठली, आणि बहुतेकांना समुद्रापलीकडे सुमात्रात, बेंकुलूकडे वसवलं गेलं. काठावर चहा विकणाऱ्या बाईंचा भाऊ त्यांतलाच. त्या म्हणाल्या, तिकडे त्याची पामतेलाची बाग आहे, घर पक्कं आहे, पण लेबारानला, म्हणजे रमजान ईदला, येतो तेव्हा पहिल्या संध्याकाळी इथे येऊन बसतो. कुठे बसतो ते त्यांनी हनुवटीने दाखवलं. एक सपाट दगड होता.

मी त्या दगडावर बसले नाही. यांनी फोटो काढायला फोन वर केला तर मी नको म्हटलं. बाबांना फोन लावला, आणि मग धरणाचं सोडून शेळीचंच बोलले. त्यांनी विचारलं, "पाट किती, बोकड किती?" एक-एक सांगितलं. "पाट ठेव," म्हणाले.

रविवार, लेगी

आज बुदेकडे आरिसान. म्हणजे भिशी, दुसरं काही नाही. वीस बायका, प्रत्येकी ५० हजार, दर सलापानला एकीला १० लाख. चिठ्ठ्यांच्या सुरनळ्या करून काचेच्या ग्लासात घालतात, तोंडाला कागद ताणून बांधतात, मधोमध एक भोक पाडतात आणि ग्लास उलटा धरून हलवतात. जी सुरनळी भोकातून आधी बाहेर पडेल तिची पाळी. तळलेल्या केळ्यांचं ताट फिरत असतं, पण ग्लास हलायला लागला की सगळ्यांचे हात थांबतात.

चिठ्ठी पडली ती खालच्या बाजूच्या बूची, म्हणजे बाईची. दोन वर्षांपूर्वी नीरा उतरवताना तिचा नवरा माडावरून पडून गेला. पाऊस, ओली खाच, एवढंच. त्या वेळी चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी पहिल्यांदा रेवांगला बसले होते. कार्यघरी बायकांनी मिळून रांधायचं ते रेवांग. मला खोबरं खवायला दिलं होतं. मी आपल्यासारखी विळी शोधत होते, तर हातात किसणी आली आणि तासाभरात बोटं सोलली. हीच बू, नवरा जाऊन चाळीस दिवस झालेली, उठून आली, किसणी माझ्या हातातून काढून घेतली आणि मला फरसबी चिरायला दिली.

आज पैसे मोजून घेताना तिने काहीच बोलून दाखवलं नाही. निघताना बुदे मला चपलांपाशी म्हणाली, "ती बांबू घेणार आहे. कळकाचे, जाड."

"कशाला?"

"गोठ्याला."

तिच्याकडे तर जनावर नाही, असं मी म्हणणार होते. मग बुदेच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प राहिले.

गुरुवार, क्लिवोन

संध्याकाळी पाकदे वाटणीला आले. वाटणी म्हणजे बोलण्यापुरती. पिल्लं आईपासून तोडायला अजून तीनेक महिने आहेत. पण कोणाचं कोणतं ते आधी ठरलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

मी मनात ठरवून बसले होते की पाट त्यांनी घ्यावी. पाटीमागे कळप वाढतो, आणि रोज डोंगरावर गवत-पाला कापायला जातात ते, मी नाही. बाबांचं 'पाट ठेव' कानात होतं, तरी ठरवलं होतं. पण पाकदेंनी बोकड मागितला. पुढच्या वर्षीच्या कुर्बानीपर्यंत तो दोन दाती होईल. बकरी ईदच्या तोंडावर बोकडांना भाव चढतो, आणि तेव्हाच त्यांच्या धाकट्या मुलीला वरच्या शाळेत घालायचं आहे. "पाट तुमची," म्हणाले. "आणि माझ्या गोठ्यात आता जागा नाही."

गोठ्यात जागा आहे. मी रोज बघते.

"मग ती कोणाकडे द्यायची, पाकदे?"

ते बराच वेळ चहाच्या ग्लासाचं झाकण फिरवत राहिले. "ते तुम्ही ठरवायचं, म्बाक. शेळी तुमची."

मी नाव घेतलं. त्यांनी मान हलवली, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. नंतर आमचा भाडेकरार किती उरला ते विचारलं. दोन वर्षं, म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं: पाट वयात यायला वर्ष धरा, पोटात पाच महिने. "तुम्ही जायच्या आधी ती व्यायलेली असेल. तिची पिल्लं बघूनच जाल."

ते गेल्यावर यांना म्हटलं, पुढचं माझं निम्मं कोणी सांभाळायचं ते आता लिहून ठेवायला हवं. हे म्हणाले, लिही. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: पाट, जन्म रविवार वागे, निम्मा वाटा. पुढे पाळणारीचं नाव.

आता परत पाऊस लागला आहे, बारीक. खिडकीतून खालची बू दिसते. डोक्यावर प्लास्टिक घेऊन कुंपणाच्या कडेने वाकून चालली आहे. काखेत गामालच्या काठ्यांची मोळी, आपल्या गिरिपुष्पाच्या. हातभर अंतर टाकत एकेक काठी ओल्या मातीत खोचते आणि टाचेने बुड दाबते. शेळ्यांना हा पाला आवडतो. अकरा झाल्या, बारावी खोचते आहे.