दीड पानाचं स्वगत

मागच्या वर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाचं नटराजपूजन आटोपल्यावर, मी माझ्या नव्या दोन अंकी नाटकाचं वाचन ठेवलं. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवायच्या आधीचं हे शेवटचं वाचन होतं. काही खटकलं तर आत्ताच सांगा, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. मनातून मात्र कुणी काही सांगू नये असंच वाटत होतं.

त्याला कारण होतं. आधीच्या नाटकाला एका स्पर्धेत परीक्षकांनी 'भाषणबाजी' एवढ्या एका शब्दात मोडीत काढलं होतं. त्यानंतर १४ महिने मी एक ओळ लिहिली नाही. रात्री जेवणं झाली की वही काढायची, पेनाचं टोपण उघडायचं आणि थोड्या वेळानं लावून टाकायचं. बायकोनं एकदा विचारलं, "नाटक सोडलंत का?" मी म्हणालो, "ऑफिसमुळं वेळ मिळत नाही." वेळ होता. आपण लिहिलेलं कुणाच्या कामाचं आहे, हा भरवसा गेला होता.

मोठ्या मुश्किलीनं उभं राहिलेलं हे नाटक यंत्रमाग चालवणाऱ्या बापाचं आणि मागावर यायला नकार देणाऱ्या मुलाचं. दुसऱ्या अंकात कारखान्यात बापाचं दीड पानाचं स्वगत होतं. ताणा, बाणा, आयुष्याची वीण, सगळं त्यात आलं होतं. वाचताना आमच्या नटाचा गळा भरून आला. टाळ्या पडल्या.

नेपथ्याला हातभार लावणारे मामा दाराशी बसले होते. वय सत्तरीच्या आसपास. सोलापूरच्या पूर्वभागातले, घरात तेलुगू बोलणारे. ३० वर्षं चादरीच्या मागावर काढलेली. तालमीत ते सहसा तोंड उघडत नाहीत.

"सर, हा माणूस कुठं उभा राहून बोलतोय?"

"मागापाशी, मामा."

"माग चालू हाय का बंद?"

मी संहितेत पाहिलं. कंसात लिहिलं होतं, 'मागे यंत्रमागांचा आवाज'.

"चालू आहे."

"मग त्याचं ऐकतंय कोण?"

एक पोरगा हसून म्हणाला, "काय बोललालाव मामा, नाटक हाय की ते!" मामा हसले नाहीत. उठून मधे आले आणि एका बोटाभोवती धागा गुंडाळल्यासारखं दुसरं बोट फिरवलं. "कांडी संपली." चिमटीनं हवेतलं काहीतरी ओढलं. "धागा तुटला." मूठ पिरगाळली. "माग बिघडला, जॉबरला बोलव. आमचं बोलणं असं असतंय, सर. एवढं बोललेला माणूस मागावर मी तर बघितला नाही."

नीट पाहिलं तर मामा तेच म्हणत होते जे परीक्षक म्हणाले होते. पण परीक्षकांनी निकाल दिला होता आणि मामांनी प्रश्न विचारला होता. त्या रात्री कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला उद्या उठून काहीतरी करायचंय असं वाटलं. मी म्हणालो, "मामा, उद्या घेऊन चला मला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मामांना स्कूटरवर मागं बसवलं आणि अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांतून त्यांच्या भाच्याच्या कारखान्यावर गेलो. जन्मापासून सोलापुरात राहतोय, हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघत मोठा झालोय, घरात चादरींच्या थप्प्या आहेत. चालत्या मागाजवळ मात्र कधी पाच मिनिटं उभा राहिलो नव्हतो.

दारातून आत पाऊल टाकल्यावर मी मामांना काहीतरी विचारलं आणि माझं बोलणं मलाच ऐकू आलं नाही. पायाखालची फरशी थरथरत होती. वर जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक घर पुढं सरकत होती. कुठले धागे उचलायचे ते त्या भोकांवर ठरतं, आणि खाली चादरीवर नक्षी बोटबोट वाढत जाते. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं जाताना दिसतच नव्हता, नुसता फटका बसल्याचं कळायचं. कामगाराच्या भुवयांवर कापसाची बारीक धूळ बसली होती. त्याच्याकडे दोन माग होते. एकाकडे हात, दुसऱ्याकडे डोळे. मजुरी नगावर, त्यामुळं माग थांबला की त्याचं नुकसान.

त्याचा मुलगा डबा घेऊन आला. दहा-बारा वर्षांचा, शाळेच्या गणवेशात. बापानं मान वळवली नाही. नुसती हनुवटी खिडकीकडे केली. मुलानं डबा तिथं ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात वीज गेली.

सगळे माग एकदम बंद. कानात नुसतं घुंऽऽ राहिलं. त्या शांततेत बाप मुलाकडे वळला आणि माग चालूच असल्यासारखा ओरडला, "तिन्नावा?"

जेवलास का. त्याच्या आवाजानं सगळेच दचकले, तोही. मुलानं मान हलवली. बाप दोन पावलं त्याच्याकडे आला, त्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलायला तोंड उघडलं आणि वीज आली. तो लगेच मागाकडे वळला. मुलगा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

मी बाहेर येऊन स्कूटरवर बसलो. खिशात विजेच्या बिलाचा कागद होता, त्याच्या पाठीवर लिहायला लागलो. मामांनी समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले आणि माझा तसाच निवला.

त्या रात्री दीड पानाचं स्वगत काढून टाकलं. हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. त्यातली दोन वाक्यं मला अजून आवडतात. आता त्या प्रवेशात वीज जाते, बाप एक शब्द बोलतो, वीज येते. हे पहाटे तीनपर्यंत लिहीत होतो, आणि ते संपायच्या आत तिसऱ्या प्रवेशात मुलगा काय करणार हे दिसायला लागलं होतं.

आठवड्यानं पुन्हा वाचन झालं. नटानं तो शब्द हळुवार, डोळ्यांत पाणी आणून म्हटला. खोलीत शांतता पसरली.

दारातून मामा म्हणाले, "मोठ्यानं. मागावरचा माणूस हाय त्यो, त्याला हळू बोलायची सवय कुठली?"